छापलेली वजाची खूण

मसाका शहराच्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात सेब्बोवा बावीस वर्षं भिंगं मोजत होता. हाताने चालवायच्या यंत्राची चकती फिरवायची, आतल्या हिरव्या रेघा जुळवायच्या, नंबर कार्डावर लिहायचा. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता काम उरकायचा पठ्ठ्या, आणि त्याची घमेंडही पुरेपूर!

मग मालकीण नामुतेबीबाईंनी आकडे दाखवणारं नवं यंत्र आणलं.

"सेब्बोवादादा, आधी पुस्तक वाचा. सेटिंग लावायचंय."

"बाई, तुमचे दुधाचे दात होते तेव्हापासून मोजतोय मी!" असं म्हणून त्याने पटापट बटणं दाबली.

आता गंमत अशी, की सिलिंडरचा, म्हणजे अक्षरं ओढल्यासारखी दिसतात त्यावरचा नंबर अधिकाने लिहा की वजाने, भिंग तेच. फक्त बाकीचे आकडे त्याप्रमाणे बदलतात. दुकानाची रीत वजाची. कार्डावर ती खूण छापूनच यायची. आणि सेब्बोवाने यंत्र लावलं अधिकावर!

पहिलेच आले कालिबालाबाबा, चर्चमध्ये दर रविवारी पवित्र ग्रंथ वाचणारे. चष्म्याची काडी मोडली होती. त्याच नंबरची नवी भिंगं नव्या फ्रेममध्ये हवी होती. सेब्बोवाने नव्या यंत्रावर भिंगं मोजली आणि छापील वजापुढे नुसते आकडे उतरवले. चष्मा तयार झाल्यावर सवयीने जुन्या यंत्रावर तपासला. कार्डाशी तंतोतंत जुळला. जुळणारच, कार्डच चुकीचं होतं.

रविवारी बाबा वाचायला उभे राहिले आणि दुसऱ्याच ओळीला अडखळले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "सकाळी सकाळीच घेतली वाटतं!" हशा पिकला. बाबांनी ग्रंथ मिटला. "माझं वय झालं. पुढच्या रविवारपासून दुसरा कुणी बघा."

सेब्बोवा मधल्या बाकावर बसून हे सगळं बघत होता. सोमवारी त्याने दुकानात राहिलेला बाबांचा मोडका चष्मा जुन्या यंत्रावर लावला. आकडे कार्डाशी जुळेनात; शरमेने त्याचे कान तापले.

"गुपचूप नवीन करून द्या ना," नामुतेबीबाई म्हणाल्या. "कुणाला कळतंय?"

नवीन चष्मा घेऊन तो गेला खरा. बाबा अंगणात केळी सोलत बसले होते. त्याला पाहताच उठले आणि वर त्याचीच माफी मागायला लागले.

"बाळा, तू इतका छान चष्मा केलास. माझ्या डोळ्यांनी तुझं नाव घालवलं बघ."

त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मान खाली घालून त्याने बटणापासून कार्डापर्यंत सगळं सांगितलं.

बाबांनी पुन्हा बसून पुढचं केळं हातात घेतलं. मग म्हणाले, "मी कुठे अडखळलो?"

"चर्चमध्ये, बाबा."

"मग हे अंगणात कशाला सांगतोस?"

पुढच्या रविवारी सेब्बोवा सगळ्यांपुढे उभा राहिला. पुटपुटल्यासारखं म्हणाला,

"बाबांचे डोळे चांगले आहेत. बाबा पीत नाहीत. यंत्र मी चुकीचं लावलं, पुस्तक न वाचता."

"मोठ्यानं!" पहिल्या बाकावरून बाबा म्हणाले. "मागच्यांना ऐकू जात नाही. हसले ते मागचेच होते."

सेब्बोवाने पुन्हा सांगितलं, थेट मागच्या भिंतीपर्यंत जाईल असं. या वेळी कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. मग बाबा उठले, त्याला हाताने हलकेच बाजूला सारलं, नवा चष्मा लावला आणि ग्रंथ उघडला.