नाव घासलेली वाटी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एक बाई काचेच्या भट्टीसाठी स्टीलचे साचे तयार करायच्या. मी त्यांना एकदाच भेटले. घरातली पहिली पदवीधर मी. पहिल्या पगारातून आईला तिचं नाव घातलेली स्टीलची वाटी घेतली होती. आई गेल्यावर त्याच आकाराची काचेची वाटी करून घ्यायला मी ती त्यांच्याकडे घेऊन गेले.

बाईंनी नावावरून अंगठा फिरवला. "ताई, काच मऊ होऊन उपड्या वाटीवर बसती. ह्या अक्षरांत अडकंल. नाव घासावंच लागंल."

"मग राहू द्या," मी म्हणाले.

"राहू द्या कशाला?" त्यांनी आपला जेवणाचा डबा उघडला, वाटीतली चटणी भाकरीवर काढली आणि वाटी धुतली. "ही बराबर तेवढीच हाये."

तिच्यावरही काहीतरी कोरलेलं दिसलं. "अहो, हे तुमचं नाव ना?"

"मंग? मी हाये की अजून. कुणी हाक मारली तर ओ देते," म्हणत त्यांनी घासायचं मशीन सुरूही केलं. मग काच चिकटू नये म्हणून वाटी तापवून, भिंतीला चुना द्यावा तसे तिला पांढऱ्या मातीचे हात दिले.

आता आईची वाटी आणि त्या साच्यावर झालेली काचेची वाटी माझ्या घरी शेजारी शेजारी आहेत. काचेच्या वाटीचा साचा कुणी केला, असं विचारलं तर मला नाव सांगता येत नाही. मी वाचायच्या आतच ते गेलं होतं.