एका जनावरात एकच तुकडा

वाशीमहून हिंगोलीला जाणारी मोटार लढाईमुळे पेट्रोलऐवजी कोळशावर चालत होती. चढ आला की आम्ही उतारू खाली उतरून तिच्या मागून चालत असू. कनेरगावच्या अलीकडे असेच चालताना शेजारच्या शेतकऱ्याने विचारले, "मास्तर, हिंगोलीत कोणाकडं?"

"घरीच. वडील वारले."

"काय करत व्हते?"

"गुरांचा व्यापार," मी म्हणालो.

अकरा वर्षे मी हेच सांगत आलो होतो. माझे वडील कसाई होते. हिंगोलीच्या कडेला, कयाधू नदीच्या बाजूला आमची वस्ती आहे. तिथे ते बाजारात म्हातारे झालेले बैल घेत, कापत आणि मांस विकत. वाशीमच्या मराठी शाळेत नोकरी लागली त्या दिवशी हेडमास्तरांनी वडिलांचा धंदा विचारला आणि मी 'गुरांचा व्यापार' म्हणून गेलो. पुढे ते फिरवण्याचे धैर्य झाले नाही. वडील गेल्याचे पत्र दफनानंतर आठवड्याने हाती आले. रजा मागितली असती तर चार प्रश्न आले असते. म्हणून मी दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहिली. निघालो तेव्हा चाळिसाव्याला चार दिवस उरले होते.

पैनगंगेच्या नाक्यावर निजामाच्या करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायाने माझी ट्रंक उघडली. वर पुस्तके, खालीही पुस्तके.

"घरी चालले का शाळा काढायला?" तो म्हणाला आणि त्याने झाकण लावले.

तिथून पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. हिंगोली आली तेव्हा ऊन उतरले होते. कयाधूत गुडघाभर पाणी होते आणि बायका वाळूत धुणी वाळवत होत्या. मी उतरताना तोंड खाली घातले होते. कोणी ओळखू नये, ही सवय आपल्या गावातही सुटली नव्हती.

फुफी (आत्या) दारात कांदे निवडत बसली होती. आमच्या घरातली बोली अर्धी दखनी, अर्धी मराठी. ती उठली नाही.

"आलास? मला वाटलं, वर्षाच्या फातेहालाच येशील."

चाळिसाव्याला मेलेल्या माणसाच्या आवडीचे रांधायचे, त्यावर फातेहा (मृतासाठीची प्रार्थना) पढायची आणि ते लोकांना खाऊ घालायचे. आमच्या घराण्यात ते मुलाने आपल्या हाताने रांधायचे असते. मी विचारले, "काय करायचं?"

"तू सांग. पोरगा तू हायेस त्याचा."

मी पुष्कळ वेळ आठवत राहिलो. "बिर्याणी?"

"बिर्याणी तुला आवडती," ती म्हणाली. "त्याला पडद्याजवळचा तुकडा आवडायचा."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मी पाहिला. आता धंदा माझा चुलतभाऊ युसूफ बघतो. त्याने बैल सोलला होता. छाती आणि पोट यांच्यामध्ये जो पडदा असतो, त्याला लागून, कण्याकडून लोंबणारा एक गडद लाल तुकडा त्याने सोडवून माझ्या हातावर ठेवला. लांबी दीड वीत असेल.

"एका जनावरात एकच," युसूफ म्हणाला. "गिऱ्हाइकाला म्हाईतच न्हाई हा. आमी लोक इकत न्हाई, घरी नेतो. लई मऊ."

मऊ हा शब्द मी पूर्वी ऐकला होता. चार वर्षांपूर्वी वडील न कळवता वाशीमला आले होते. निरोप मिळताच मी त्यांना मोटार अड्ड्यावरच गाठले, तिथल्याच हॉटेलात चहा पाजला आणि परतीच्या मोटारीत बसवून दिले. खोली दाखवली नाही. जाताना त्यांनी पळसाच्या पानांची पुडी दिली. "मऊ हाये, आजच खा," एवढेच म्हणाले. घरमालकाला वास जाईल म्हणून मी ती न उघडताच गावाबाहेरच्या ओढ्यात टाकली. त्या पुडीचे वजन आता माझ्या तळहातावर होते.

मी त्याचे इतर मटणासारखेच केले. मसाला वाटला, तुकडे केले, दोन तास मंद आचेवर शिजवले. फुफीने एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि बाहेर काढला.

"मास्तर, हा जोड्याला लाव. तळ निघालाय तुझा."

"मऊ असतो म्हणाला ना युसूफ?"

"करणाऱ्याला म्हाईत असंल तर. दर्ज्याला इचार, रहीमचाचाला. सात वरसं तुझा बाप त्यालाच नेऊन देत व्हता. सोता न्हाई खाल्ला."

रहीमचाचा शिंप्याचे काम करतात. पडवीत मशीन, गळ्यात फीत आणि तोंडात एकही दात नाही. वडील तुम्हाला तो तुकडा काहून देत होते, असे मी विचारले. त्यांनी मशीनवरचा पाय काढला.

"तुझ्या चिठ्ठ्या वाचून घ्यायला. त्याला कुठं वाचता यायचं? मी मराठी चार बुकं शिकलेला."

"मी तर तीनच पत्रं लिहिली."

"व्हय, तीनच. जनावर कापलं की तो तुकडा घेऊन यायचा, इथंच दगडावर भाजायचा, मला खाऊ घालायचा आन् म्हणायचा, वाच."

त्या पत्रांत काय होते ते मला पाठ आहे. मी खुशाल आहे. कामामुळे येणे होत नाही. कळावे.

"दोन वळी किती बारी वाचाव्या?" चाचा म्हणाले. "मग मी माझ्या पदरचं घालू लागलो. अब्बा, तुमचा खोकला कसा हाये. अब्बा, वाशीमला पाणी चांगलं पडलं. अब्बा, तुमची याद येती."

"त्यांना कळलं नाही?"

"कळलं की. एकदा म्हणला, रहीम, मागच्या बारीला पाऊस नव्हता ह्यात. मी चिठ्ठी मिटाया लागलो. म्हणला, ऱ्हाऊ दे. वाच."

 मग चाचा तुकड्याकडे वळले आणि तो कसा करायचा ते सांगू लागले. मधोमध एक चिवट शीर असते, ती काढायची, म्हणजे दोन पट्ट्या होतात. मीठ, लसूण, मिरी. वडिलांचा कयाधूतला सपाट काळा दगड निखाऱ्यांवर चांगला तापवायचा. सात बार अलहम्दु (कुराणाचा पहिला अध्याय) पढून होईपर्यंत एक बाजू, तेवढाच वेळ दुसरी. मग जरा थांबायचे आणि मांसाच्या धाग्याला आडवे कापायचे. "जास्त ठेवलास की गेला," ते म्हणाले. "शिकलेल्याला वाटतं, जास्त शिजवलं की मऊ होतं."

चाळिसाव्याच्या पहाटे युसूफने दुसरा बैल कापला. तुकडा काढताना वडिलांची सुरी माझ्या हातात दिली. ती मी जन्मात प्रथमच धरली आणि शीर काढताना अंगठा कापून घेतला. "रगत तर कसायाचंच हाये," फुफी म्हणाली आणि अंगठ्याला हळद लावली. दगडावर मांस पडताच चर्रर्र झाले. मी ओठांत पढत मोजले, उलटले, पुन्हा मोजले. फातेहा झाल्यावर पहिला तुकडा चाचांना दिला. ते हिरड्यांनी सावकाश खात राहिले.

"बराबर," ते म्हणाले.

मग मी खाल्ले. चव थोडी काळजाकडे झुकणारी, आणि खरोखरच मऊ. दुसरा घास घेण्याचा मला हक्क वाटला नाही. उरलेला ताटावर आलेल्या लोकांना दिला.

निघताना चाचांनी तीन पत्रे परत दिली. घड्यांवर फाटून प्रत्येकाचे चार तुकडे झाले होते, आणि कडांना बोटांचे तेलकट डाग होते.

नाक्यावर त्याच शिपायाने ट्रंक उघडली. पुस्तकांवर दगड होता.

"हा धोंडा कशाला?"

"माझे वडील कसाई होते. ह्यावर मांस भाजायचे."

"धोंड्याला जकात न्हाई," तो म्हणाला आणि त्याने झाकण लावले.

त्याला सांगणे सोपे होते; तो मला ओळखत नव्हता. वाशीमला येऊन दोन महिने झाले, तरी हेडमास्तरांना मी तोंडाने सांगू शकलेलो नाही. हे छापून आले की ते वाचतील, म्हणून लिहिले.

आता दर आठवड्याला मी फुफीला पत्र पाठवतो. ते रहीमचाचाच वाचून दाखवतात. तिचे गुडघे, इथला पाऊस, मी काय रांधले, कोणाची याद आली, सारे लिहितो. चाचांना पदरचे काही घालावे लागू नये, एवढे तरी लिहावे, असा प्रयत्न असतो.