सॉरीचं मूळ

हॉस्पिटलच्या जिन्यात एका माणसाचा पाय चुकून एका म्हातारीला लागला. त्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला, तो आपल्या छातीला टेकवला आणि एक शब्दही न बोलता वर गेला.

मी मात्र शब्दांचा माणूस. सॉरी हा शब्द सॉरोवरून, म्हणजे दुःखावरून आला, असं मी शाळेत जन्मभर छातीठोकपणे शिकवलं. आज वॉर्डाबाहेर बसून मोबाईलवर शब्दकोश पाहिला, तर ते साफ चुकीचं निघालं. या शब्दाचं मूळ जखमेत आहे, हुळहुळत्या जागेत आहे. म्हणजे पूर्वी सॉरी म्हणणारा सांगत असे, की मला दुखतंय.

आठ दिवस हिच्या छातीत दुखत होतं आणि मी मोठ्या डॉक्टरच्या थाटात ‘पित्त आहे’ म्हणून हिला आल्याचा रस पाजत होतो. आता थोड्या वेळात हिचं हृदयाचं ऑपरेशन. सकाळपासून कितीदा सॉरी म्हणालो. “ते बसमध्ये धक्का लागल्यावर म्हणतात,” एवढंच बोलून हिनं भिंतीकडे तोंड केलं.

हिला न्यायला माणसं आली. चादरीबाहेर आलेल्या तिच्या गार पावलाला मी हात लावला आणि तो छातीशी नेला.

“अहो, बायकोच्या पायाला हात काय लावताय? लोक बघतायत.”

“मला दुखतंय गं.”

तिनं सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“पित्त असेल,” ती म्हणाली, आणि तिला आत नेलं.