नऊ दारांपुढचा सडा

माझं अक्षर सुरेख आहे, असं लहानपणापासून सगळ्यांनी सांगून सांगून मला बिघडवून ठेवलं. शाळेचा फळा लिहायचा तर मी, गावात कुणाला अर्ज लिहून हवा असेल तर मी. त्यामुळे नोकरीतली माझी सगळ्यात मोठी चूकही मी सुवाच्य अक्षरात केली आहे. नऊ घरांतल्या माणसांच्या नावांपुढे मी निळ्या शाईत, एकदाही खाडाखोड न करता लिहिलं, 'कायमचे स्थलांतरित'.

आता निवृत्त होऊन पाथर्डीत राहते. सकाळी चहा, मग तुळशीला आणि कढीपत्त्याला पाणी, मग पेपर आणि पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढणं, असा सुखाचा दिवस जातो. त्या प्रकरणाची आठवण आली की आता हसू येतं. तेव्हा मात्र कितीतरी दिवस घास गोड लागला नव्हता.

माझी शाळा तालुक्याच्या कोरड्या टोकाला होती. गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे, नऊ घरांची एक वस्ती. दिवाळी झाली की वस्तीतली सगळी धडधाकट माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जायची आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे परत यायची. पोरंही त्यांच्याबरोबर. वर्गात निम्म्या बसकरपट्ट्या मोकळ्या पडायच्या. दोन हेडमास्तर मला सांगून गेले, "बाई, नावं कमी करा, पट स्वच्छ दिसेल." मी केली नाहीत. हजेरीपटावर त्या पोरांच्या चौकटीत लाल पेन्सिलीने बारीकसा 'ऊ' काढायची. ऊस तोडायला गेलाय, येईल, एवढाच त्याचा अर्थ. पाडव्यानंतर ती पोरं उन्हाने रापून परत आली की मी पहिल्यापासून सगळी नावं वाचायची आणि ती "हजर, बाई" म्हणून वर्ग डोक्यावर घ्यायची. मला या गोष्टीचा फार अभिमान होता. अजूनही आहे, पण आता जरा बेताने बाळगते.

शिक्षकाला शिकवण्याखेरीज जी शंभर कामं असतात, त्यांत माझ्याकडे मतदार यादीचं काम होतं. ग्रामपंचायतीची निवडणूक वर्षभरावर आली होती. गावातल्या एका पुढाऱ्याने हरकत घेतली की ओढ्यापलीकडच्या घरांत कोणी राहत नाही, ती माणसं कारखान्याकडेच स्थायिक झालीत, तेव्हा त्यांची नावं वगळा. त्या नऊ घरांची मतं त्याला कधी पडत नाहीत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला कागद आला, प्रत्यक्ष जाऊन खातरजमा करा.

पौषातला सोमवार होता. शाळा भरायच्या आत परतायचं म्हणून मी स्कूटीवरून घाईघाईने गेले. नऊही दारं बंद, लांबून दिसली तेवढ्यांना कुलपं. पहिल्या घरापुढे गाडी थांबवून पाय टेकला, तो नेमका ओल्या शेणसड्यात. नवी चप्पल भरली आणि माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला तेवढं पुरतं. शेवटच्या घराच्या कोपऱ्यावर एक म्हातारा बादली घेऊन उभा होता. "बाबा, घरांत कोणी आहे का?" मी तिथूनच ओरडून विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, बादली पाठीमागे लपवली आणि लंगडत घरामागे निघून गेला. काहीतरी लपवतोय मेला, असं मी मनात म्हटलं. दगडावर चप्पल घासली, गाडीवर बसल्या बसल्या यादी उघडली आणि लिहून टाकलं.

पाडव्यानंतर वस्ती परत आली. त्या म्हाताऱ्याची थोरली सून पंचायतीत यादी बघायला गेली. तिशीची बाई, सातवीपर्यंत शिकलेली, बोलायला ठाम. वस्तीचा वॉर्ड त्या वेळी बाईसाठी राखीव निघाला होता आणि तिला उभं राहायचं होतं. ओढ्यावर पूल नाही, पावसाळ्यात पोरांची शाळा बुडते, तेवढा पूल तिला करून घ्यायचा होता. पण यादीत नाव नसेल तर अर्जच भरता येत नाही. तिचं नाव नव्हतं. नवऱ्याचं नव्हतं. नऊ घरांतल्या एकाचंही नव्हतं. तिचा सासरा पायाने अधू म्हणून वर्षानुवर्षं वस्ती सोडून कुठे गेला नव्हता, त्याचंही नव्हतं.

ती शाळेत आली. तिचा नवरा माझा जुना विद्यार्थी, तो फाटकाबाहेरच थांबला.

"बाई, आमी कुठं गेल्तो कायमचं?" ती म्हणाली.

"दारांना कुलपं होती."

"कुलूप लावूनच जातो की. उघडं टाकून जायाचं का घर?"

मी चिडले. नियम ऐकवले. नोटीस दारांवर लावली होती, मुदतीत कोणी आलं नाही, आता माझ्या हातात काही नाही. बंद दारावरची नोटीस उसाच्या फडात बसून कोण वाचणार, मागे राहिलेल्या निरक्षर सासऱ्याला ती काय कळणार, हे तिने विचारलं नाही. "बरं" म्हणाली आणि गेली. त्या "बरं"चा मला दिवसभर राग येत राहिला.

ती गप्प बसणारी नव्हती. पाथर्डीच्या कोर्टात नुकतीच काम करू लागलेली एक वकील मुलगी तिला भेटली आणि दोघींनी मिळून नगरला अपील केलं. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, जिभेवर नगरच येतं. सुनावणी भाद्रपदात लागली. दिवाळीनंतर वस्ती पुन्हा तोडीला जाणार आणि यादी पक्की होणार. त्याच्या आत नावं परत आली नाहीत तर तिची निवडणूक संपलीच होती.

मला साक्षीचं बोलावणं आलं. घरी मी नवऱ्यापुढे ठणकावून म्हणाले, "मी लिहिलंय ते बघून लिहिलंय." ते म्हणाले, "अक्षराबद्दल कुणाची तक्रार नाहीच." त्या दिवशी आमचं बोलणं तेवढंच झालं.

सुनावणीची खोली लहान होती. अपील ऐकणारे साहेब टेबलामागे, एका बाजूला पुढारी आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला ती वकील मुलगी, आणि मागे भिंतीला टेकून सगळी वस्ती उभी. आधी म्हाताऱ्याला विचारलं, तुम्ही तिथे काय करता. तो म्हणाला, "घरांवर ध्यान ठिवतो." पुढाऱ्याचा वकील लगेच म्हणाला, "साहेब, रिकाम्या गोदामावरही वॉचमन असतो. त्यावरून तिथे माणसं राहतात असं होत नाही." म्हाताऱ्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि खाली बसला.

मग मी. वकील मुलगी माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, त्या सकाळी गावात आणखी कुठे कुलूप पाहिलंत का?"

मी आठवून पाहिलं. चौकात पुढाऱ्याच्या थोरल्या भावाचा दुमजली बंगला. मंडळी पुण्याला मुलाकडे असायची.

"एका बंगल्याला होतं."

"त्यांची नावं वगळलीत?"

"नाही."

"का?"

"ते येऊन-जाऊन असतात. त्यांचं घर आहे ते."

"आणि वस्तीतली घरं कुणाची आहेत?"

तिने आवाज चढवला असता तर मला भांडता आलं असतं. तिने तेही हळूच विचारलं. मला इतकी लाज वाटली, की हातातला रुमाल घडी घालून घालून पुडीएवढा झाला. एकाच गावात, एकाच सकाळी मी कुलपं पाहिली. बंगल्याच्या कुलपाला म्हटलं, येतील. वस्तीच्या कुलपांना म्हटलं, गेले. बंगल्यात मला दर दिवाळीला बसवून चहा मिळायचा, एवढाच काय तो फरक होता. आणि ज्या पोरांचं नाव मी हजेरीपटावरून एकदाही कमी होऊ दिलं नाही, ती मोठी झाल्यावर त्यांचीच नावं मी गाडीवर बसून उडवली होती.

"साहेब," मी म्हणाले, "मला एक सांगायचंय. मी दारांशी गेलेच नाही. कुलपं लांबून पाहिली आणि गाडीवर बसून लिहिलं. आणखी एक. तिथे सडा होता, ओला. माझी चप्पल भरली होती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बंद घरापुढे सडा?"

"दिसत होतं तिथवर सगळ्या दारांपुढे होता."

"कोणी टाकला?"

"ते मला माहीत नाही."

पुढाऱ्याचा वकील कागद चाळू लागला. मागे उभ्या असलेल्या बाया जमिनीकडे बघत होत्या. ती सून तर बांगड्या मोजत असावी अशी मनगटाकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं, हे तिचा चेहराच सांगत होता. नाव जाईल, निवडणूक जाईल, पण चार पुरुषांपुढे सासऱ्याची ही गोष्ट ती सांगणार नव्हती.

म्हातारा काठी टेकत उठला.

"म्या टाकतो," तो म्हणाला.

साहेबांना नीट ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं.

"म्याच टाकतो, साहेब. जाताना बाया सांगून जात्यात, मामा, दार वसाड दिसू दिऊ नका. दर सोमवारी नऊ दारं. सन असला की सारवतो बी. बाप्या मानसाचं काम न्हाई ह्ये, म्हनून बोललो न्हाई. त्या दिशी बाई आल्या, तवा बादली लपीवली ती त्याच्यापायीच."

"पण घरात कोणी नसताना कशाला टाकता?" साहेबांनी विचारलं. खरोखर कळावं म्हणून विचारलं.

"कामाला गेलीत, साहेब. परत येनाऱ्याच्या दारात सडा नको व्हय?"

लोक हसतील, असं त्याला वाटत असावं. तो मान खाली घालून उभा राहिला. कोणी हसलं नाही. पुढाऱ्याच्या वकिलानेही कागद चाळायचे थांबवले. सुनेने डोक्यावरचा पदर सारखा केला, पुढे येऊन सासऱ्याला धरून खाली बसवलं आणि त्यांच्याशेजारीच उभी राहिली.

घटस्थापनेच्या आत निकाल आला. नऊही घरांची नावं परत यादीत घेतली. मला लेखी ताकीद मिळाली. ती लिहिणाऱ्याचं अक्षर बरं नव्हतं, पण मजकूर बरोबर होता. मी ती फाइलला लावली आणि पुढच्याच रविवारी त्या बंगल्याच्या मालकांना फोन करून, त्यांच्याही नावांची खातरजमा करायची म्हणून, पुण्याचा पत्ता नीट विचारून घेतला. ते माझ्यावर अजून नाराज आहेत.

निवडणुकीचं आधीच सांगून टाकते. म्हाताऱ्याची सून थोडक्यात पडली. मला वाईट वाटलं, तिला माझ्याइतकं वाटलं नाही. "यादीत हाय न्हवं नाव, मंग पुढच्या बारीला बघू," असं म्हणून ती मोकळी झाली. पुढच्या बारीला ती निवडून आली आणि पूलही झाला. पण मला जो दिवस आठवतो, तो पहिल्या निवडणुकीच्या मतदानाचा.

थंडीचे दिवस होते, तोडीचा हंगाम ऐन भरात. ती प्रचारासाठी मागे राहिली होती, बाकी वस्ती फडांवर. मतदानासाठी त्या सगळ्यांनी एका दिवसाची सुट्टी काढली आणि दोन जीपगाड्यांत बसून सकाळीच आले. आधी वस्तीवर जाऊन आपापली कुलपं उघडली, पाणी प्यायले आणि मग शाळेकडे निघाले. मी फाटकाबाहेर टेबल मांडून यादी घेऊन बसले होते. नाव शोधायचं, अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा, हे माझं काम.

पहिला उभा राहिला तो तिचा नवरा. दाढी वाढलेली, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे. मी यादीत बोट फिरवलं, नाव सापडलं, आणि खात्री करून घ्यावी म्हणून मोठ्याने वाचलं.

"हजर, बाई," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं असावं, कारण तो स्वतःच हसला. मागचे सगळे हसले. मग दुसऱ्याचं नाव वाचलं, तोही म्हणाला, "हजर, बाई." मग रांगेने सगळेच तसं म्हणू लागले, ज्या बाया कधी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या त्यासुद्धा. माझे डोळे भरून आले आणि मी त्यांच्यावर ओरडले, की ही शाळा नाही, मतदान आहे, गडबड करू नका. त्यांनी माझं ओरडणं लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे कोणी घाबरलं नाही. चिठ्ठ्यांवरचं माझं अक्षर त्या दिवशी फार वाईट आलं.

शेवटी म्हातारे बाबा आले. सोमवार नव्हता, सणही नव्हता, आणि घरं तर त्या दिवशी माणसांनी भरलेली होती. तरी त्यांच्या नखांत शेण होतं, आणि या वेळी त्यांनी हात मागे घेतला नाही. मी उठून उभी राहिले आणि त्यांचं नाव वाचलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, चिठ्ठीसाठी हात पुढे केला आणि म्हणाले, "हितंच हुतो, बाई."