सात जणांचं टेबल

गेल्या वर्षी मार्चचा दुसरा शनिवार. संध्याकाळ. ऑकलंडहून गाडीने पाच-सहा तासांवर, नेपियरला समुद्राजवळ असलेलं एक जुनं इटालियन रेस्टॉरंट. बिल झालं तीनशे चार डॉलर. हजर माणसं सात. आमच्याकडून मी, माझी बायको सुजाता, पंधरा वर्षांची मुलगी यशो आणि नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई. दुसऱ्या बाजूला माझा मित्र मंदार, त्याची बायको गौरी आणि पुण्याहून आलेली त्याची आई. त्यांना आम्ही काकू म्हणत होतो.

टेबल माझ्या नावावर होतं. महिनाभर आधी मीच फोन करून घेतलेलं. खिडकीतलं, सात जणांचं, एकच लांब टेबल. माणशी दहा डॉलर डिपॉझिट मीच भरलं होतं. त्या रेस्टॉरंटची एक जुनी पद्धत होती, त्यासाठीच आम्ही तिथे चाललो होतो. पास्ता एका मोठ्या लाकडी भांड्यात टेबलावर येतो. सत्तरीच्या मालकीणबाई स्वतः वाढतात. टेबलावर जी सगळ्यात वयस्कर बाई असेल तिला पहिलं वाढतात, मग बाकीच्यांना. मला ते वाचूनच आवडलं होतं. म्हटलं, दोन्ही आयांना मजा वाटेल. माझी आई शहात्तरची, काकू चौऱ्याहत्तरच्या. पहिला मान कुणाचा यावर गाडीत सुजाता आणि मी हसलोसुद्धा.

आईला समुद्र बघायचा होता. म्हणून आम्ही चौघं दहा मिनिटं उशिरा पोचलो. दारातल्या मुलीने "किया ओरा" म्हणत स्वागत केलं, माझं नाव विचारलं आणि खिडकीवरून पुढे नेत थेट मागे घेऊन गेली. किचनच्या झुलत्या दाराजवळ चार खुर्च्यांचं टेबल. दार उघडलं की आईच्या पाठीला वारा.

खिडकीतल्या टेबलावर मंदार, गौरी, काकू. सातातल्या चार खुर्च्या काढून नेलेल्या.

मंदारने तिथूनच हात केला. मोठ्याने म्हणाला, "अरे, तुमचं तिकडे केलंय! आईला शेजारी नॉनव्हेज चालत नाही. तुमची ऑर्डर मी देऊन टाकलीय, एकदम भारी आहे. तुमच्यात चालतं ना सगळं!"

मी बसलो. हे लिहायलाच हवं. खुर्ची ओढली आणि बसलो.

ताट आलं. मोठं, चौघांचं. हाडांसकट मांसाचे जाड तुकडे, त्यावर दाट रस्सा.

"हे काय ग?" आईने नातीला विचारलं.

"इट्स व्हील, आजी," यशो म्हणाली. मग आजीचा चेहरा बघून हळू आवाजात, "बेबी काऊ."

आई बावीस वर्षं मांसाहार करत नाही. ध्यानाच्या एका शिबिराला जाऊन आली आणि सोडलं. तिचा निर्णय. मी खातो, सुजाता खाते, यशो बर्गर खाते आणि त्यात आम्हाला कसली लाज नाही. पण आई काय खाते हे मंदारला पक्कं माहीत होतं. जानेवारीत आमच्या घरी, फ्लॅट बुशला जेवायला आला तेव्हा आईच्या हातची वांगी दोनदा मागून घेतली होती. "मावशी, तुम्ही तर आमच्या आईपेक्षा कडक शाकाहारी," असं म्हणाला होता. आणि मंदार स्वतः? सहा उन्हाळे माझ्या घरामागे बार्बेक्यूवर खाल्लेल्या कोंबडीच्या तंगड्या त्याने मोजल्या नसतील, मी मोजल्या आहेत.

मग हे "तुमच्यात" कुठून आलं?

आठवलं तर सगळं सापडतं. सहा वर्षं हा माणूस "आपल्यात" म्हणायचा. आपल्यात दिवाळीला असं करतात. आपल्यात पोरांना गणित यायलाच पाहिजे. आपल्यात हे गोरे लोक कधी मिसळणार नाहीत. ऑकलंडमध्ये एका मजल्यावर नोकरी, एका बसने येणं-जाणं. नंतर त्याने रोटोटुनाला घर घेतलं तेव्हा सामान हलवायला दोन दिवस मी होतो. माझ्या आडनावावरून काही कळत नाही. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लपवलं का? नाही. पण पुढे होऊन सांगितलंही नाही. परदेशात कशाला, असं स्वतःला समजावत राहिलो.

जानेवारीत आई आली. बॅगेतून कपड्यांच्या घडीत गुंडाळून निळ्या कोटातला तो फोटो आणला आणि दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये खिळा ठोकून घेतला. शेजारी बुद्धाची वीतभर मूर्ती. मंदार वांगी खायला आला तेव्हा जाताना बूट घालता घालता त्याची नजर त्या भिंतीवर गेली. "अच्छा," म्हणाला. एवढंच.

त्यानंतर "आपल्यात" बंद झालं, "तुमच्यात" सुरू झालं. मीच ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "तुमच्यात लग्नं कशी लावतात रे?" "तुमच्यात तर आता सगळ्यांनाच नोकऱ्या असतील." हसत हसत, पाठीवर थाप मारत. त्या दिवशी सकाळीसुद्धा, नेपियरला येताना वाटेत टाउपोला तळ्याकाठी आम्ही दोन्ही गाड्या थांबवल्या. आईने पहाटे उठून केलेले धपाटे पुढे केले. काकू म्हणाल्या, "नको हो, पोट बरं नाहीये." गौरीच्या डब्यातला उपमा मात्र त्यांनी खाल्ला. वर लोणचंही घेतलं. आईने डबा बंद केला. झाकण नीट लागलं का ते दोनदा बघितलं.

आता आई त्या ताटापुढे बसली होती. ताट तिने हाताच्या पंजाने थोडं लांब केलं. "राहू दे रे. पाव आहे ना, पाव खाते मी. तुम्ही जेवा."

"आई, मी बदलून आणायला सांगतो."

"कशाला उगाच. बस. भिंतीकडे तोंड केलं तरी घास तोंडातच जातो."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तालुक्यातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. रात्री-अपरात्री सायकलवरून बोलावणं यायचं आणि ती जायची. मग बारशाचं आमंत्रण. मी बरोबर असायचो. घरात पंगत बसलेली, पाळणा सजवलेला. आईला पान पडवीत. "सिस्टर, इथे वारा आहे, इथे बरं पडेल तुम्हाला." ज्या बाळाची नाळ तिने कापली, त्याच्या पाळण्याला हात लावायला तिला आत बोलवत नव्हते. परत येताना मी रडवेला व्हायचो. ती म्हणायची, काय फरक पडतो.

तिला फरक पडत नाही असं मी चाळीस वर्षं मानलं. मला ते सोयीचं होतं.

मी उठलो. ताट परत न्यायला मालकीणबाईंना सांगावं म्हणून खिडकीच्या टेबलाकडे गेलो. मालकीणबाई तेव्हाच लाकडी भांडं घेऊन तिथे आल्या होत्या. पास्त्यातून वाफ निघत होती. त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग मागे आमच्या टेबलाकडे. त्यांचं इंग्रजी मोडकं होतं. मंदारला विचारलं, "दॅट लेडी, ऑल्सो युवर फॅमिली? शी इज द ओल्डेस्ट, नो?"

मी तीन पावलांवर होतो. मंदारची पाठ माझ्याकडे.

तो म्हणाला, "नो, नो. दे आर सेपरेट. डिफरंट कम्युनिटी. दे ईट एनिथिंग."

दे ईट एनिथिंग.

आवाजात राग नव्हता. जेवणाआधी माणूस हवापाण्याबद्दल बोलतो, तसं बोलला. काकू मान हलवत होत्या. गौरीने मला पाहिलं आणि मेनू उघडून वाचायला लागली, जेवण समोर आलेलं असताना.

माझ्यामागे यशो उभी होती. कधी आली कळलं नाही. "बाबा," ती म्हणाली, "डिफरंट हाऊ?"

पोरीच्या या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. पंधरा वर्षं होतं. मी दिलं नव्हतं, आणि आता तिला ते मंदारकडून मिळत होतं.

मी मालकीणबाईंना म्हणालो, हे बुकिंग माझं आहे. सात जणांचं. डिपॉझिट मी भरलंय. खुर्च्या परत आणा. ती पाठीमागे बसलीय ती माझी आई आहे आणि या टेबलावर सगळ्यात मोठी तीच आहे.

त्यांनी बुकिंग बघितलंही नाही. भांडं टेबलावर ठेवलं आणि स्वतःच दोन खुर्च्या उचलायला गेल्या.

मंदार उठला. मराठीत, दबक्या आवाजात, "अरे, काय सीन करतोयस? आईचं वय बघ ना."

"माझ्या आईचं बघितलंस?"

"तुला वाटतंय तसं काही नाहीये. व्हेज-नॉनव्हेजचा प्रश्न आहे."

"माझी आई काय खाते, मंदार?"

त्याने काकूंकडे पाहिलं.

"सांग ना. वांगी कुणी खाल्ली?"

काकू बोलल्या. माझ्याशी नाही, मुलाशी. "मंदार, मी या वयात माझी रीत बदलणार नाही. त्यांना बसायचं तर बसू दे. मला इथून घेऊन चल."

म्हणजे प्रश्न ताटातल्या मांसाचा नव्हता. मांसाचं ताट मागे पडलेलं होतं. खिडकीजवळ येत होती ती फक्त माझी आई.

"काकू, तुमची रीत तुम्ही ठेवा," मी म्हणालो. "मी माझ्या आईला भिंतीशी बसवणार नाही."

गौरीने पर्स घेतली. तिघं उठले. दारापर्यंत पोचल्यावर मंदार वळला. "बिल तू भर. नेहमीसारखं. नंतर बघू आपण."

बघा, "आपण". पैशाच्या वेळी आपण.

सहा वर्षं प्रत्येक सहलीला सगळ्यांचं मीच भरत आलो होतो आणि मंदार महिन्याने आठवण केल्यावर देत होता. "नाही," मी म्हणालो. "आत्ता. काउंटरवर. तुम्ही तिघांनी मागवलं ते, आणि आमच्यासाठी आम्हाला न विचारता मागवलंस तेही."

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरूनच."

लोक बघत होते. त्याने कार्ड काढलं.

आईला मी हाताला धरून खिडकीशी आणलं. खुर्चीवर बसली, पण टेकून नाही. मालकीणबाईंनी तिच्या पानात पहिलं वाढलं. आईने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "उगाच केलंस." सुजाताचे डोळे लाल होते. यशोने फोन उलटा ठेवला होता. सात खुर्च्यांपैकी तीन रिकाम्या. छान जेवण झालं असं मी सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत यशोला सगळं सांगितलं. जात म्हणजे काय, फोटोतला माणूस कोण, आजीला पडवीत का बसवत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सो यू न्यू, आणि तुम्ही बसलात त्या टेबलावर?" मी म्हणालो, हो. बसलो.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "मीही बसले, बाळा. खूप वर्षं. फरक पडत होता."

घरी आल्यावर आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. मी ताणलं म्हणे. वयस्कर बाईचा अपमान केला म्हणे. कुठल्या वयस्कर बाईचा, हे कुणी विचारलं नाही. दोघांनी मध्यस्थी करू का विचारलं. मी नको म्हणालो. फोटो हॉलमध्येच आहे, आणि आता घरात येणाऱ्याला मीच तो दाखवतो, बूट काढायच्या आधी. कुणी "तुमच्यात" म्हटलं की मी विचारतो: कुणाच्यात? नाव घे. घेतलं नाही तर पुढचं बोलणं होत नाही. माझं वय बावन्न आहे. यापुढे मी कुठेही, कुणाहीसाठी, मला दाखवलेल्या मागच्या टेबलावर बसणार नाही, आणि माझ्या माणसांना बसवणार नाही.

बिलाचं असं झालं. मंदारने एकशे ऐंशी डॉलर भरले: तिघांच्या जेवणाचे एकशे बारा आणि कुणीही न खाल्लेल्या त्या ताटाचे अडुसष्ट. आमच्या चौघांचं एकशे चोवीस झालं. त्यात माझं सत्तर डिपॉझिट वळतं केलं आणि उरलेले चोपन्न मी भरले, मालकीणबाईंना, समोर उभं राहून. मंदारला काही दिलं नाही. त्याच्याकडून काही घेणं नाही.