आसवांची नदी

माझी चार वर्षांची लेक तापानं गेली, तेव्हा आम्ही सांगलीत राहत होतो. शेजारी एक पारशीणबाई होत्या, नवऱ्यामागं सोडावॉटरचं दुकान चालवायच्या. सगळी आळी माझ्या गळ्यात पडून रडून गेली. ह्या एकट्याच कोरड्या डोळ्यांनी येऊन जवळ बसायच्या.

एक दिवस म्हणाल्या, "पोरी, आता पुरे कर. आमच्या इराणातल्या जुन्या धर्मात सांगितलंय, रडणं हे सैतानाचं काम. मागं राहिलेल्यांच्या आसवांची तिकडं नदी होते. फार रडलं की तिला पूर येतो, अन् गेलेल्याला पलीकडं उतरता येत नाही."

माझं टाळकंच फिरलं. "आवं बाई, म्हंजे माझीच लेक मी बुडवायला लागलीया व्हय? तुमचा धरम तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या!"

त्या उठून गेल्या. मी आणखीच रडले. आईनं रडायचं नाही, तर काय करायचं? असला कसला मेला धर्म!

पुढं लढाईच्या दिवसांत त्यांच्या घरी तार आली. एकुलता मुलगा फौजेत डॉक्टर होता, तो ब्रह्मदेशात पडला. आळीतल्या बायका रीतीप्रमाणं दारापासूनच गळा काढत आत शिरल्या. आमच्यात जेवढी माया, तेवढा मोठा गळा. बाई हात जोडून म्हणत होत्या, "नका गं, माझ्या पोराची वाट अडेल." बायकांना वाटलं, दुःखानं बाईंना भ्रम झाला, त्या जास्तच रडायला लागल्या. शेवटी मीच ओरडले, "गप बसा की गं समद्या!" अन् एकेकीला बाहेर काढून दार लावलं.

जवळ जाऊन बसले. बाईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. म्हणाल्या, "तुझ्या लेकीला पोहता येत नव्हतं ना गं?"

"न्हाई वो. त्याच उन्हाळ्यात भोपळा बांधून नदीत सोडणार हुतो." कृष्णाकाठची पोरं पाठीला सुका भोपळा बांधूनच पोहायला शिकतात.

"माझाही तसाच शिकला. भर पुरात पलीकडं जाऊन यायचा." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तो उतरताना तिला पाठीवर घेईल. लहान पोर काठावर सोडून जायचा नाही तो."

मी त्यांना जवळ ओढलं.

"चांगला पोहणारा आहे माझा," त्या म्हणाल्या, "थोडं पाणी वाढलं तर चालेल ना गं?" अन् माझ्या खांद्यावर डोकं टेकून त्यांनी हंबरडा फोडला.