सायलीची सोयरीक आणि माझा गाल

माझ्या भाचीचं लग्न ठरणं किंवा मोडणं माझ्या गालाच्या आतल्या बाजूवर अवलंबून होतं.

सायली ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिचं आणि कोळवणच्या विशालचं आपापसात कधीच ठरलं होतं, आता मोठ्यांनी ठरवायचं बाकी होतं. बोलणी करायची मामाने, म्हणून सायलीला घेऊन आम्ही भुकूमहून जीप करून निघालो. पौडच्या अलीकडे एक बाई मधाचं ताजं पोळं विकत बसली होती. मी सगळ्यांना ऐकवलं, "मध काय बाटलीतून खायचा? पोळं असं मेणासकट चावायचं." चावलं. आत दोन माश्या राहिल्या होत्या. त्यांनीही चावलं.

पौडच्या डॉक्टरांनी काटे काढले, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "श्वासाला धोका नाही. गाठी उतरायला मात्र वेळ लागेल." गालाच्या आत सुपारीएवढी गाठ, ओठाच्या आत तिची धाकटी बहीण. बोलायला गेलो की शब्दांऐवजी लाळ यायची. (बायकोच्या मते बोलणी सुरळीत होण्याची ही पहिलीच संधी होती.)

विशालच्या आजींची एकच अट होती. तंबाखू खाणाऱ्या घराशी सोयरीक नाही. त्यांचे मालक त्यापायीच गेले होते. मी ओसरीवर बसलो, गाल फुगलेला, तोंड मिटलेलं. आजी बराच वेळ बघत राहिल्या.

"पाव्हणं, थुकून या."

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मंग गिळताय व्हय?"

सायलीचा चेहरा उतरला. बायको घाईने म्हणाली, "आजी, ह्यांना तोंडात मधमाशी चावलीय हो."

"आमचं मालक धा वर्सं दाढ दुखतीया म्हणायचं," आजी म्हणाल्या. "तोंड उघडा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सायलीचे डोळे भरले होते. मी तोंड उघडलं. विशालने मोबाईलचा उजेड धरला. आजींनी पदराने बोट पुसून आत घातलं आणि गाठ दाबली. मी ओरडलो. जमलेल्या भावकीने पाळीपाळीने डोकावून घेतलं. मुलीला बघायचं राहिलंच, मामाचे दात मात्र सगळ्यांनी पाहिले.

"तंबाकू न्हाई, गाठच हाय," आजींनी भावकीला सांगितलं. "मानूस निर्व्यसनी हाय. जरा खुळा हाय, पर त्याला विलाज न्हाई. साखर वाटा."

लग्नाच्या पंगतीत आजी स्वतः माझ्या पानाशी येऊन वाकल्या. आग्रह करायला आल्या असतील म्हणून मी 'पुरे, पुरे' करत हात आडवा धरला. त्यांनी तो बाजूला सारला, माझ्या बासुंदीत चमचा फिरवून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हां, आता खा."